गावाला नाव पडतं तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात झाली. पहिली काही वर्षं रेल्वे मेलच्या डब्यात रात्री उभं राहून पत्रांची छाननी केली, पुढं तालुक्याच्या पोस्टात बसलो. त्यामुळं जगातल्या बऱ्याच गोष्टी मला कळत नाहीत, पण पत्ता कळतो. आणि पत्त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर गावाचं नाव. म्हणून आज मी 'गावाला नाव कसं पडतं' हा विषय घेतो. उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, किर्लोस्करवाडीचं. इथल्या निम्म्या लोकांनी त्या स्टेशनवर कधी ना कधी गाडीची वाट पाहिलेली आहे, त्यामुळं मी काही चुकीचं बोललो तर तुम्ही मला तिथंच थांबवाल याची खात्री आहे.

आधी एक साधी गोष्ट. गावातल्या माणसाला गावाचं नाव फारसं लागतच नाही. आपण घरात काय म्हणतो? "वरच्या आळीला गेलोय", "मळ्यात आहे", "वेशीपाशी थांब". गावात राहणारा माणूस गावाला नुसतं 'गाव' म्हणतो. नाव लागतं ते बाहेरच्याला. एसटीच्या कंडक्टरला लागतं, सोयरीक घेऊन येणाऱ्याला लागतं, तलाठ्याला लागतं आणि आम्हा पोस्टवाल्यांना तर लागतंच लागतं. म्हणजे नाव गावाचं असलं, तरी ते वापरतात बहुतेक दुसरेच. आपल्या स्वतःच्या नावासारखंच आहे ते. आपलं असून दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात.

आपल्याकडची नावं पाहिली, तर त्यांचे काही ठरलेले मार्ग दिसतात. झाडावरून पडलेली नावं सगळ्यात जास्त: वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, आंबेगाव. झाड केव्हाच पडलं, नाव उभं आहे. एकाच नावाच्या दोन वस्त्या झाल्या की मोठी ती बुद्रुक आणि धाकटी ती खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले. 'बुजुर्ग' म्हणजे थोर, त्याचं आपल्या तोंडी बुद्रुक झालं, आणि 'खुर्द' म्हणजे लहान. शेकडो वर्षांपूर्वी कुठल्या तरी दप्तरात कारकुनानं केलेली ती नोंद आपण आजही लग्नपत्रिकेवर छापतो. आणि तिसरा मार्ग वाडीचा. मूळ गावापासून जरा दूर, रानात चार घरं पडली की ती वाडी. तिला बहुतेक तिथं राहणाऱ्या भावकीचं नाव लागतं. मोरे राहतात ती मोरेवाडी. वाडी म्हणजे धाकटी वस्ती. तिला वेस नसते आणि कित्येकदा स्वतःचं पोस्टही नसतं.

पोस्टाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपण सगळे पत्ता लिहिताना सवयीनं 'मु. पो.' लिहितो. मुक्काम आणि पोस्ट. ही दोन अक्षरं जोडून लिहायचा अधिकार ज्या गावात पोस्ट आहे त्याच गावाला. वाडीतल्या माणसानं खरं तर लिहायचं असतं 'मु.' आपली वाडी आणि 'पो.' शेजारचं मोठं गाव. आमच्या वेळी ज्या वाडीला पोस्ट मिळालं, तिथं लोक पहिल्या पत्रावर मोठ्या अक्षरात मु. पो. लिहीत, त्यामागं हा आनंद असायचा. आणि एकाच नावाची इतकी गावं असल्यामुळं आम्ही तालुका आणि जिल्हा पाहिल्याशिवाय पत्र हातावेगळं करत नसू. पुढं १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे पंडित. त्या सहा आकड्यांनी पत्रं वेगानं जाऊ लागली हे खरं. पण आकडा पोस्टापर्यंत नेतो. तिथून उंबऱ्यापर्यंत जायला नावच लागतं.

आता किर्लोस्करवाडीकडे येतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एक लहान स्टेशन होतं, 'कुंडल रोड'. स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की समजायचं, गाव इथं नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. नाशिक रोडचं तसंच, सातारा रोडचं तसंच. कुंडल हे जुनं, नामांकित गाव. तेव्हा ते औंध संस्थानात होतं. पण स्टेशन गावापासून दूर, माळावर. उतरणारे थोडे आणि उतरले तरी तिथं न थांबता पुढं जाणारे. स्टेशनच्या आसपास निवडुंग आणि साप. त्या जागेला स्वतःचं असं नाव नव्हतं, कारण कुणाला तिथं पत्र पाठवायचं नव्हतं.

त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचा माणूस सायकलींचं दुकान आणि लहानसा कारखाना चालवत होता. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं आढळलं. मग यंत्रांची रेखाचित्रं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाजवळ आले. तिथं त्यांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. नांगराची कथा आपल्या घरातल्या जुन्या लोकांना ठाऊक असेल. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेनं नवी वस्ती वसवण्यासाठी ती जागा सोडायला सांगितली. म्हणजे तिकडं एक वस्ती वसायची होती म्हणून इकडं एक कारखाना रस्त्यावर आला. लक्ष्मणराव त्या वेळी औंधला मंडप उभारणीचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे हेच ते बाळासाहेब. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर माळरानाची जागा देऊ केली आणि कर्जही दिलं. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथं पोचले. बरोबर २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, छपरं उभी करायची आणि त्याच छपरांत यंत्रं लावायची, असं काम सुरू झालं.

त्या माळाला नाव पडलं किर्लोस्करवाडी. आता या नावाकडे जरा पोस्टवाल्याच्या डोळ्यानं बघा.

किर्लोस्कर हे आडनाव कुठून आलं? मालवण तालुक्यात किर्लोस नावाचं गाव आहे. किर्लोसचे ते किर्लोसकर, बोलता बोलता किर्लोस्कर. पण लक्ष्मणरावांचा जन्म कोकणातला नाही, कानडी मुलखातला आहे. महाराष्ट्राला हे आडनाव आधी ठाऊक झालं ते १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांमुळं. त्यांचाही जन्म गुर्लहोसूरचाच. म्हणजे हे कुटुंब कोकणातून घाट चढून कधीच निघालं होतं, गाव मागं पडलं होतं, पण गावाचं नाव आडनावात शिल्लक होतं. आपल्या मराठी आडनावांतला 'कर' असं काम करतो. माणसानं गाव सोडल्यावरच त्याची गरज पडते. गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच एक 'कर' लावून उपयोग काय?

आणि मग असं झालं, की एका गावानं माणसांना दिलेलं नाव त्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं आणि दुसऱ्या मुलखात, जिथं काहीच नव्हतं तिथं, पुन्हा एका गावाला दिलं. समुद्राजवळचं किर्लोस कृष्णेच्या खोऱ्यात येऊन वाडी झालं. मी रेल्वे मेलमध्ये असताना एकदा असाच हिशेब मांडत बसलो होतो. गाव, मग आडनाव, मग पुन्हा गाव. एवढा लांब प्रवास केलेलं नाव माझ्या हातातल्या थैलीत दुसरं नव्हतं.

दुसरी गोष्ट 'वाडी'ची. कारखान्याभोवती वसलेली गावं देशात पुष्कळ आहेत. साकची गावाला १९१९ साली व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी जमशेदजी टाटांच्या नावावरून जमशेदपूर हे नाव दिलं, आणि कालीमाटी स्टेशनचं टाटानगर झालं. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसलं. ही 'पूर' आणि 'नगर' मंडळी. त्यांच्यात शहराचा थाट आहे. आपल्याकडे मात्र किर्लोस्करवाडी झाली, आणि कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला, जिथून प्रभाकर कंदील घरोघरी गेले, ती ओगलेवाडी झाली. कारखाने नवे, पण नाव ठेवायची रीत आपल्या मोरेवाडीचीच. रानात नवी घरं पडली, भावकीचं नाव लावलं, वाडी झाली. यंत्रं नवी आली तरी बोली जुनीच राहिली, म्हणूनच हे नाव आजूबाजूच्या गावांत परकं वाटलं नाही. उलट वाट मालेगाव तालुक्यातल्या रावळगावची. तिथंही वालचंदांचाच साखर कारखाना, पण त्यांनी गावाला आपलं नाव दिलं नाही. गावाचंच नाव गोळ्या-चॉकलेटांच्या कागदावर चढलं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते गाव आयुष्यात पाहिलं नाही, पण जिभेवर घोळवलं आहे.

आता मुद्द्याचं. नाव ठेवणं सोपं असतं, बसणं अवघड. आजही कितीतरी ठिकाणी पाटी एक असते आणि लोक दुसरंच म्हणतात. किर्लोस्करवाडीचं नाव बसलं, कारण तिथून काहीतरी बाहेर जात होतं. नांगर जात होते, उसाचे चरक जात होते, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं जात होती, पुढं पंप जाऊ लागले. माल मागवणाऱ्याला पत्र कुठं लिहायचं हे कळायला हवं होतं. आणि मालाबरोबर वाचायलाही जात होतं. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. ते सुरुवातीला कारखान्याच्या बातम्यांचं पत्र होतं, त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर' आलं. म्हणजे मराठीतली तीन नावाजलेली मासिकं कुठल्या शहरातून नव्हे, एका वाडीतून निघत होती. विदर्भातल्या, खानदेशातल्या एखाद्या घरातली मुलगी 'स्त्री'ला पत्र लिहायची, तेव्हा पाकिटावर 'किर्लोस्करवाडी' लिहायची. तिनं ते नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि अशा हजारो हातांनी ते पक्कं केलं. शेवटी 'कुंडल रोड'ची पाटीही उतरली आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

आणि ते टिकलं. पहिल्यांदा त्याखाली औंध संस्थान लिहीत. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १९४९ साली आपला जिल्हा दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली सांगली. आता तालुकाही वेगळा, पलूस. खालच्या सगळ्या ओळी बदलल्या, वरची ओळ तीच राहिली.

इथवर ही गोष्ट छान आहे, आणि इथंच थांबलो असतो तर टाळ्या घेऊन जेवायला जाता आलं असतं. पण नाव जेवढं सांगतं, तेवढंच झाकतंही. ते २५ कामगार आणि त्यांच्या बायकामुलांनी पहिला पावसाळा त्या माळावर काढला. निवडुंग त्यांनी तोडला. त्यांची आडनावं स्टेशनच्या पाटीवर मावणार नव्हती. ते मी समजू शकतो, पाटीला मर्यादा असते. पण त्यांच्यातल्या दोघांविषयी मला बोलायचं आहे.

लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीला दोन माणसं ठेवली. दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले. लोकांच्या मते ज्यांच्यापासून घर राखायचं, त्यांच्याच हातात लक्ष्मणरावांनी घर राखायला दिलं, आणि ते दोघं वाडीचे सगळ्यात भरवशाचे राखणदार ठरले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळात ही फार मोठी गोष्ट. त्या दोन राखणदारांची नावं इतिहासात राहिली आहेत: तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग.

ही नावं पुन्हा एकदा मनात म्हणून बघा. लक्ष्मणरावांच्या नावापुढं त्यांच्या पूर्वजांचं गाव आहे. या दोघांच्या नावापुढं काय आहे? जात आहे. गाव नाही, वडील नाहीत, कामही नाही. ज्यांनी रात्री जागून ते गाव राखलं, त्यांची ओळख नोंदवताना लिहिणाऱ्याला तेवढंच सुचलं. दोष मी कुणा एकाला देत नाही. तेव्हाची लिहायची रीतच ती होती. पण तीच रीत आपल्या वस्त्यांच्या नावांत आपण कालपरवापर्यंत चालवली.

आपल्या शाळेत चार गावांची आणि सात-आठ वाड्यांची मुलं यायची. नव्या वर्षी हजेरीपटासाठी पत्ता विचारला जायचा. आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो मु. पो. म्हणून गावाचं नाव सांगायचा आणि थांबायचा. "वस्ती?" असं विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा. मग मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर द्यायचं आणि वर्ग हसायचा. त्या वस्तीचं नाव जातीवरून होतं. मोरेवाडी मोऱ्यांनी स्वतः सांगितली म्हणून मोरेवाडी झाली. या वस्तीचं नाव मात्र तिथं राहणाऱ्यांनी ठेवलेलं नव्हतं. ते बाहेरच्यांनी ठेवलं होतं, आणि ते पत्र पोचावं म्हणून ठेवलं नव्हतं. पाय कुठं थांबवायचे, हे कळावं म्हणून ठेवलं होतं.

तो मित्र पुढं मुंबईला गिरणीत लागला. दर महिन्याला आईला मनीऑर्डर करायचा. मी पोस्टात होतो म्हणून सुट्टीवर आला की भेटायचा. एकदा म्हणाला, "मला ते नाव लिहायचं नाही. पण आईला पैसे तर मिळायला हवेत. म्हणून दर महिन्याला स्वतःच्या हातानं लिहितो." मित्रांनो, इतकी वर्षं पत्त्यांत घालवली, पण पत्त्याचं एवढं ओझं मी दुसरीकडं पाहिलं नाही. पैसे पोचवायची किंमत म्हणून माणसाला दर महिन्याला तेच लिहावं लागत होतं.

मग त्यानं काय केलं ऐका. पुढच्या महिन्याच्या मनीऑर्डरीवर त्यानं आईचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'मु. शाळेमागे'. बस्स. आपल्या गावाचा पोस्टमन आपलाच माणूस होता, त्याला घर न् घर पाठ. त्यानं काही न बोलता पैसे नेऊन दिले. दोन-तीन महिन्यांत त्याच वस्तीतल्या दुसऱ्या घरांची पत्रं 'शाळेमागे' अशीच येऊ लागली. वर्ष-दोन वर्षांत लग्नपत्रिकेवर छापून आलं: मु. शाळेमागे. कुणी ठराव केला नाही, पाटी लावली नाही, नारळ फोडला नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका वस्तीला नाव पडलं. तो मित्र आज याच मंडपात बसलेला आहे. माझं नाव घेऊ नको अशी त्यानं ताकीद दिली आहे, म्हणून घेत नाही. पण त्यानं त्या नावात आपली शाळा घातली, याचा मला फार अभिमान वाटतो.

नाव कसं द्यावं याचा आणखी एक धडा आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तोही औंध संस्थानातलाच. आटपाडीजवळ १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संस्थानात कैद्यांची एक वसाहत सुरू झाली. या प्रयोगामागं मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची प्रेरणा होती. भिंती नाहीत, गज नाहीत. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करून, कुटुंबासह राहू लागली. त्या वसाहतीला नाव दिलं गेलं स्वतंत्रपूर. विचार करा, कैद्यांच्या वस्तीचं नाव स्वतंत्रपूर! पुढं १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, तो याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही आटपाडीच्याच मुलखातले. तिथल्या माणसाला पत्र आलं, तर पाकिटावर त्याचा गुन्हा नव्हता, त्याची जात नव्हती. तो जे व्हावा अशी आशा होती, ते लिहिलेलं होतं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. निर्णय चांगला आहे. पाट्या बदलल्या पाहिजेत, दप्तरं बदलली पाहिजेत. पण पाटी आणि तोंड यांत अंतर असतं, हे किर्लोस्करवाडीवरून आपण पाहिलं. तिथं नाव बसलं ते लोकांनी ते रोज लिहिलं म्हणून. आपल्या गावातही पाटी बदलली आणि रिक्षावाल्याला सांगताना, कांदे आणायला पाठवताना, लग्नाचं आमंत्रण देताना आपण जुनंच नाव घेतलं, तर ती पाटी नुसती पत्र्याची राहील. सरकारचं काम कागदापर्यंत. पुढचं काम आपल्या जिभेचं आहे. त्यातही जे त्या वस्तीत राहत नाहीत त्यांच्या जिभेचं जास्त, कारण नाव वापरतात ते बहुतेक बाहेरचेच, हे मी सुरुवातीला म्हटलंच आहे.

म्हणून आज एक मागणं आहे. प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. जेवण झाल्यावर प्रत्येकानं तिच्यात चार ओळी लिहायच्या. आपल्या वाडीचं, वस्तीचं, मळ्याचं नाव काय. ते कसं पडलं असं घरची जुनी माणसं सांगतात. आणि तुम्हाला ते नाव हवं आहे का. शेवटचा प्रश्न टाळू नका. ज्यांना नाव नको असेल त्यांनी कोणतं हवं तेही लिहा, आणि ज्यांना आवडत असेल त्यांनी का आवडतं ते लिहा. झाडावरून पडलेलं नाव असेल तर झाड कुठं होतं ते लिहा, म्हणजे निदान त्या जागी एक नवं लावता येईल.

ही वही शाळेच्या ग्रंथालयात राहील. पुढच्या वर्षी पाचवीत येणाऱ्या मुलांना बाईंनी पत्ता विचारला, तर तो कसा सांगायचा हे त्यांना तिच्यातून वाचता येईल. माझी वीस मिनिटं झाली. वहीबरोबर दोन पेनं ठेवली आहेत, ती मात्र कृपया खिशात घालून नेऊ नका. पोस्टातली दोरी बांधलेली पेनं आता मिळत नाहीत.